पहिलं अर्धं मिनिट

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी पावणेनऊच्या सुमाराला एक ठरलेला प्रकार चालतो. कानाला फोन, खांद्याला लॅपटॉपची बॅग अशी मंडळी लिफ्टमधून उतरतात, गाडीत बसतात, बटण दाबतात, आणि इंजिन धड चालू झालंय की नाही हे कळायच्या आत गाडी रिव्हर्समध्ये टाकतात. रात्रभर थंड पडलेलं ते इंजिन रॅम्प चढताना असं काही किंचाळतं, की वर गॅलरीत चहा पीत बसलेल्या माझ्या तोंडून "अरे, हळू!" निघून जातं. ते खाली कोणाला ऐकू जात नाही, हे बरंच आहे. निवृत्त माणसाने दुसऱ्यांच्या गाड्यांबद्दल फार बोलू नये, असा आमच्या घरात दंडक आहे. म्हणून लिहितो.

मी नाशिकचा. आमच्या कुटुंबात पहिली गाडी आली ती काकांची फियाट, म्हणजे कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं इंजिन. काका वकील, आणि आठवड्यातले काही दिवस त्यांना निफाडच्या कोर्टात जावं लागे. निफाडची थंडी ज्याला माहीत नाही त्याने डिसेंबर-जानेवारीतली वर्तमानपत्रं काढून बघावीत. निफाडचा पारा घसरल्याची बातमी दरवर्षी येतेच, आणि बागाईतदार द्राक्षं वाचवायला पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. नाशिकात त्याहून जरा बरं, इतकंच. अशा दिवसांत सकाळी गाडी सुरू करणं हे एक काम होतं. त्याला वेळ काढून ठेवावा लागे. काकू पोळ्या लाटता लाटता आतूनच विचारायची, "लागली का हो?" आणि तिचा प्रश्न गाडीबद्दल आहे हे सगळ्यांना कळायचं.

काका आधी बॉनेट उघडत. कोरड्या फडक्याने डिस्ट्रिब्युटरची टोपी आणि प्लगच्या वायरी पुसत, कारण रात्रीच्या दवाने त्यांच्यावर ओल धरलेली असे आणि ओल असली की करंट प्लगपर्यंत न पोचता वाटेतच पळतो. मग डिपस्टिक काढायची, पुसायची, पुन्हा घालायची, पुन्हा काढून तेलाची खूण बघायची. मग आत बसून स्टिअरिंगच्या डावीकडचा गिअरचा दांडा हलवायचा. तो सैल हलला म्हणजे गाडी न्यूट्रलला. चोकची मूठ पूर्ण बाहेर. किल्ली एक घर फिरवली की दोन लाल दिवे लागत, एक चार्जिंगचा आणि एक ऑइलचा. दिवे बघून झाले की पुढचं घर.

थंडीत पहिले दोन-तीन फेरे जड निघत. घर्र, घर्र, घर्र. दोन घर्रमध्ये इतकं अंतर असे की पुढचा येतो की नाही अशी शंका यावी. मग एखादा सिलिंडर मध्येच पेटे आणि त्या संथ आवाजाला एक ठेच लागे. नवशिका फसतो तो इथे. गाडी लागली असं समजून तो किल्ली सोडतो, आणि एकाच सिलिंडरच्या जोरावर काही इंजिन फिरत नाही. सगळं पुन्हा थंड. काका त्या ठेचेनंतरही क्षणभर किल्ली धरून ठेवत. दुसरा पेटला, तिसरा पेटला, आवाज सलग झाला, की बोटं सुटत. ऑइलचा दिवा विझेपर्यंत अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही. मग चोक. मूठ थोडी आत ढकलायची आणि कान द्यायचा. इंजिन अडखळलं तर मूठ केसभर परत बाहेर. कॉलनीच्या टोकाला वळण यायचं, तिथपर्यंत ती सगळी आत गेलेली असे. हे सगळं करताना काकांची नजर समोर, भलतीकडेच कुठेतरी असायची. डोळ्यांचं त्यात काही कामच नव्हतं.

या सगळ्या विधीला कारण होतं. पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते. इंजिन गरम असलं की एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा हे प्रमाण नेमकं बसतं. पण गार इंजिनात पेट्रोलाची वाफ अर्धवटच होते. बाकीचं गारठलेल्या नळीच्या आणि सिलिंडरच्या भिंतीला थेंब होऊन चिकटतं. म्हणजे आत गेलं भरपूर, कामाला आलं थोडं. चोक म्हणजे कार्ब्युरेटरच्या तोंडावरची एक पत्र्याची झडप. ती मिटली की हवेची वाट अडते, आतली ओढ वाढते आणि पेट्रोल जास्त खेचलं जातं. त्यातलं जेवढं वाफ होईल तेवढं पेटण्यापुरतं मिळतं. इंजिन तापत जाईल तशी ही जास्तीची भरती कमी करायची. काकांचा अंगठा चोकच्या मुठीवर करत होता ते एवढंच. विसरून मूठ बाहेर राहिली तर मागून काळा धूर, प्लगवर काजळी, आणि महिन्याच्या शेवटी पेट्रोलच्या खर्चावरून काकूशी वाद.

शेजारी एका प्राध्यापकांकडे स्टँडर्ड हेरॉल्ड होती. मद्रासच्या कारखान्याची, दिसायला फार देखणी. तिचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे उलटत असे, आणि ते उलटलेलं बघायचा योग आम्हा मुलांना वरचेवर येई, कारण सर अधीर होते. गाडी पहिल्या फटक्यात लागली नाही की ते अ‍ॅक्सिलरेटर दणादण दाबत. कार्ब्युरेटरमध्ये एक छोटा पंप असतो. इंजिन फिरत नसतानाही तुम्ही जितक्या वेळा पाय दाबाल तितक्या वेळा तो पेट्रोलची पिचकारी आत सोडतो. थोड्या वेळाने सगळ्या गल्लीला पेट्रोलचा वास येई. मग कोपऱ्यावरच्या गॅरेजातले चाचा हात पुसत येत. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं.

"सर, आधी पाय काढा."

"अहो चाचा, लागतच नाहीये."

"कशी लागेल? प्लग ओले झाले. आता पंधरा मिनिटं काही करायचं नाही. चहा सांगा."

चहा झाला की चाचा स्वतः आत बसत, चोक पूर्ण आत ढकलत आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदाच तळाला नेऊन तिथेच धरून ठेवत. हवेची वाट पूर्ण मोकळी. मग सेल्फ. साचलेलं पेट्रोल हवेबरोबर निघून जाई, दोन-चार खोकले येत आणि गाडी काळा धूर सोडून लागे. सर दर वेळी थक्क होत. या युक्तीत गंमत अशी की ती अजून जिवंत आहे. इंजेक्शनवाल्या बहुतेक गाड्यांमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला तर कॉम्प्युटर ओळखतो की इंजिनात पेट्रोल तुंबलंय, आणि तो पेट्रोल सोडणंच बंद करतो. चाचांचा पाय कोणीतरी प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवला आहे.

सेल्फच्याही आधी हँडल होतं. अँबेसेडरच्या आणि जुन्या जीपच्या पुढच्या बंपरमधून लोखंडी हँडल आत घालून ते फिरवणारी माणसं माझ्या पिढीने पाहिली आहेत. हँडल मारण्याचे दोन नियम. एक, ते खालून वर ओढायचं. अंगाचा भार टाकून वरून खाली रेटायचं नाही. दोन, अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा पलीकडून गुंडाळायचा नाही. पिस्टन वर पोचायच्या आत ठिणगी पडली तर इंजिन उलटं फिरतं आणि हँडल त्याच झटक्याने मागे येतं. ओढणाऱ्या हाताची बोटं तेव्हा आपोआप सुटतात. गुंडाळलेला अंगठा सुटत नाही. या उलट्या फटक्याने मनगटाजवळचं हाड इतक्या जणांचं मोडलं की अस्थिरोगाच्या पुस्तकात त्याला 'शोफर्स फ्रॅक्चर' हे नावच पडलं. हँडल गेलं, शोफर जवळपास गेले, नाव अजून शिकवतात.

त्यातून जगाला सोडवलं ते अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी. मोटारीकडे वळण्याआधी ते दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होते, आणि गल्ल्याचा खण विजेवर उघडेल अशी छोटी मोटर त्यांनी तिथे बसवून दाखवली होती. इंजिन फिरवायला लागेल एवढ्या ताकदीची मोटर गाडीत मावणारच नाही, असं तेव्हाचे जाणकार म्हणत. केटरिंगना गल्ल्याने शिकवलेलं होतं, की मोटर दिवसभर चालवायची नसेल, दोन-चार सेकंदांपुरतीच राबवायची असेल, तर लहान मोटरकडूनही तिच्या बेताबाहेरचं काम घेता येतं. १९१२च्या कॅडिलॅकला कंपनीने त्यांचा सेल्फ बसवून दिला. मनगटात जोर असलेला पुरुषच गाडी चालवू शकतो ही अट त्या दिवशी संपली, आणि मोटारीच्या इतिहासात स्त्रियांच्या दृष्टीने याहून मोठा शोध मला तरी दिसत नाही.

पण केटरिंगच्या युक्तीतच सेल्फ वापरण्याचा नियमही आहे. तो दोन-चार सेकंदांचा कामगार आहे. बॅटरीतून त्या वेळी शंभर अँपिअरहून जास्त करंट खेचला जातो. हेडलाइट लावून सेल्फ मारला तर दिवे मान टाकतात ते त्यामुळे. फार तर दहा सेकंद मारायचा आणि नाही लागली तर अर्धं मिनिट थांबायचं. सलग घरघरवत बसलं तर बॅटरी बसतेच, मोटरच्या आतलं वायंडिंगही जळतं. आणि नुसतं टक-टक-टक ऐकू आलं तर इंजिनाला दोष देऊ नये. बॅटरीत जीव नाही, नाहीतर टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली आहे. तिच्यावर सोडा घातलेलं गरम पाणी ओतून, घासून, कोरडं करून टर्मिनल घट्ट आवळलं की अनेकदा काम भागतं. हे घरच्या घरी होतं, त्यासाठी क्रेन बोलवावी लागत नाही.

डिझेलचं सगळंच वेगळं. तिथे ठिणगी नाही, स्पार्क प्लग नाही. हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली हे करून दाखवलं. पण गारठलेलं लोखंड त्या हवेची उष्णता शोषून घेतं, म्हणून सिलिंडरच्या आतल्या बाजूला एक छोटा हीटर प्लग दिलेला असतो. किल्ली ऑन केली की मीटरमध्ये वेटोळ्याचा पिवळा दिवा लागतो तो त्याचा. विझेपर्यंत थांबायचं, मग सेल्फ. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या वडापच्या जीपगाड्यांचे चालक हा दिवा कसा पाळत ते पाहण्यासारखं असे. आत माणसं कोंबलेली, टपावर बोचकी, मागे पायरीवर दोघं लोंबकळताहेत, कोणीतरी "चला की राव" म्हणून ओरडतंय. आणि चालक शांतपणे दिव्याकडे बघत तंबाखू मळतोय. वाहतुकीचा एकूण एक नियम मोडणारा तो माणूस हा एक नियम मोडत नसे, कारण मोडला तर बॅटरी त्याच्या खिशातून जायची.

ट्रॅक्टरवाल्यांनी तर बॅटरीचा प्रश्नच निकालात काढला होता. गावात संध्याकाळी ट्रॅक्टर नेहमी उताराला लावलेला दिसायचा, मागच्या चाकाला दगड. सकाळी दगड काढायचा, ट्रॅक्टर घरंगळू द्यायचा, वेग आला की क्लच सोडायचा. धड-धड-धड. दसऱ्याला पूजाही उतारावरच. बॅटरी नवी घेण्याचा विषय पुढच्या हंगामावर.

चारचाकीला धक्का देणं हा त्याचाच शहरी अवतार. किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. गाडी धावायला लागली की क्लच झटक्यात सोडायचा. पहिला गिअर यासाठी वापरत नाहीत, त्यात गाडी आचका देऊन थांबते. पावसाळ्यात मुंबईत पाणी तुंबलं की काळी-पिवळी ढकलायला अनोळखी माणसं न बोलावता यायची, आणि गाडी लागली की टॅक्सीवाला थांबून आभार मानण्याच्या भानगडीत न पडता तसाच निघून जायचा, कारण थांबला असता तर पुन्हा ढकलावी लागली असती. त्या पद्मिनी टॅक्स्यांतली शेवटची ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली. आजच्या गाडीला धक्का द्यायला जाऊ नये. ऑटोमॅटिक गाडीत चाकांचा जोर इंजिनापर्यंत पोचतच नाही. मॅन्युअल असली तरी बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर पेट्रोलचा पंपही मेलेला आणि कॉम्प्युटरही. आणि थोडाफार जीव असेल तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं. त्या डब्यात प्लॅटिनम-पॅलेडियमसारखे धातू असतात. त्याची किंमत एकदा गॅरेजात विचारून बघा.

आता मूळ मुद्द्यावर येतो. चोक गेला, हँडल गेलं, डिस्ट्रिब्युटर गेला. हवा किती गार आहे, इंजिन किती गार आहे, पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची हे सगळं कॉम्प्युटर काकांपेक्षा चांगलं जाणतो आणि एका सेकंदात अनेकदा ठरवतो. मला जुन्या दिवसांची हळहळ अजिबात नाही. निफाडच्या थंडीत बॉनेटमध्ये डोकं घालून ज्याने वायरी पुसल्या आहेत त्याला ती वाटतही नाही. पण काम यंत्राकडे गेलं त्याबरोबर आपण थांबणंही यंत्राकडे गेलं असं समजून बसलो आहोत. तसं झालेलं नाही. लोखंड तेच आहे आणि तेलही तसंच वागतं.

रात्रभर गाडी उभी राहिली की इंजिनाचं तेल वरून झिरपून खाली सम्पमध्ये उतरतं. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर, वरच्या कॅमवर, सिलिंडरच्या भिंतीवर राहतो तो नुसता हात फिरवल्यासारखा थर. इंजिन लागलं की पंप खालचं तेल ओढून वर ढकलायला सुरुवात करतो, पण गार तेल हिवाळ्यातल्या काकवीसारखं जाड असतं. अगदी शेवटच्या टोकापर्यंत पोचायला त्याला काही सेकंद लागतात. झीज व्हायची ती मुख्यतः याच वेळात. नव्या इंजिनांना पातळ तेल लागतं ते काही अंशी यासाठीच. डब्यावरच्या आकड्यात 'डब्ल्यू' असतो तो विंटरचा, आणि त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं तेल थंडीत पातळ. काकांच्या फियाटला २०डब्ल्यू-४० लागे, आता ५डब्ल्यू-३० आणि ०डब्ल्यू-२० ही रोजची गोष्ट झाली आहे. ते लवकर पोचतं, मान्य. पण पोचायच्या आधीच तुम्ही गाडी रॅम्पवर चढवली तर कोणतंही तेल काय करणार? टर्बो असेल तर आणखी कठीण, कारण त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि त्या बेअरिंगलाही हेच तेल जायचं असतं.

म्हणून किल्लीची गाडी असेल तर किल्ली ऑनवर आणून दोन सेकंद थांबावं. मीटरमधले सगळे दिवे लागतात, आणि खिडक्या बंद असतील तर मागच्या सीटखालून बारीक गुणगुण ऐकू येते. तो पेट्रोलचा पंप नळीत दाब भरतोय. गुणगुण थांबली, नको ते दिवे विझले, की क्लच पूर्ण दाबून सेल्फ. क्लच दाबण्याचा एक फायदा म्हणजे सेल्फला गिअरबॉक्समधलं गार ऑइल ढवळावं लागत नाही. दुसरा फायदा आमच्या पार्किंगच्या भिंतीवर लिहिलेला आहे, बंपरच्या उंचीवर, वेगवेगळ्या रंगांत. गिअरमध्ये उभी केलेली गाडी क्लच न दाबता सुरू केली की ती उडी मारते.

गाडी लागली की सुई बाराशे-पंधराशेच्या आसपास चढलेली दिसेल. काही बिघडलेलं नाही. चोकचं काम कॉम्प्युटर करतोय, आणि कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणूनही तो इंजिन जरा जोरात चालवतोय. तो डबा अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय धुरातलं विष पकडू शकत नाही, त्यामुळे छोट्या फेरीत गाडी जे काही प्रदूषण करते त्यातला मोठा वाटा सुरुवातीच्या मिनिट-दोन मिनिटांचा असतो. सीट बेल्ट लावा, आरसे बघा, फोनवरचं बोलणं आटपा. एवढ्यात अर्धं मिनिट होतं आणि सुई खाली यायला लागते. मग निघा, आणि पहिले दोन-तीन किलोमीटर पाय हलका ठेवा.

याच्या उलट एक जमात आहे, तिचाही मला तितकाच राग आहे. हे लोक गाडी सुरू करून खाली ठेवतात आणि इंजिन 'गरम होऊ दे' म्हणून वर जाऊन आंघोळ करून येतात. जागेवर उभी असलेली गाडी फार सावकाश तापते. तोवर जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली झिरपून तेल पातळ करत राहतं. इंजिन खरं तापतं ते चालवल्याने. आणि हे सगळं शटर ओढलेल्या गॅरेजात कोणी करत असेल तर त्याला हात जोडून सांगतो, नका करू. गाडीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणसाला झोप येतेय असं वाटतं आणि तो उठत नाही. आधी शटर वर, मग किल्ली. थंडीत बॉनेटवर दोन थापाही माराव्यात. सोसायटीतली मांजरं इंजिनाच्या उबेला आत जाऊन झोपतात, आणि त्यांना सेल्फचा आवाज कळेपर्यंत पट्टा फिरायला लागलेला असतो.

२०२०च्या टाळेबंदीत उभ्या राहिलेल्या गाड्यांनी लोकांना आणखी एक धडा दिला. बॅटरी उतरू नये म्हणून जो-तो खाली येऊन पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून वर जायचा. सेल्फला जेवढं गेलं तेवढंही त्या पाच मिनिटांत धड भरून निघालं नाही, आणि बऱ्याच गाड्या महिन्या-दीड महिन्याने मुक्या झाल्या. गाडी वीस मिनिटं तरी रस्त्यावर फिरली पाहिजे. बरेच दिवस लावायचीच नसेल तर बॅटरीची काळी वायर काढून ठेवावी. शेजाऱ्याच्या गाडीवरून केबल लावून सुरू करायची वेळ आलीच, तर लाल चिमटा आधी मेलेल्या बॅटरीच्या धन टोकाला आणि मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. काळा आधी चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि शेवटचा मेलेल्या गाडीच्या इंजिनावर, एखाद्या उघड्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. दोघांची गाठ पडू द्यायची नाही. काढताना उलट क्रम.

इलेक्ट्रिक गाडीवाले हे वाचून हसत असतील. त्यांना सुरू करायला इंजिनच नाही. ब्रेक दाबायचा, बटण दाबायचं, 'रेडी' उजळलं की झालं. हसावं, पण माहिती असावी की त्यांच्या गाडीतही मोठ्या बॅटरीपलीकडे एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते, आणि ती उतरली तर मोठ्या बॅटरीत चारशे किलोमीटरचा चार्ज असूनही 'रेडी' लागत नाही. माझ्या भाच्याच्या गाडीला हे झालं तेव्हा त्याने मला फोन केला होता, काय करायचं विचारायला. केबल कुठे लावायची ते त्याच्याच गाडीच्या पुस्तकात चित्रासकट छापलेलं होतं.

ते पुस्तक तुमच्याही गाडीत आहे. डाव्या सीटसमोरच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांखाली, बहुधा शोरूमने दिलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच असेल. त्यात इंजिन सुरू करण्याबद्दलची जेमतेम दोन-तीन पानं असतात. येत्या रविवारी ती वाचा. तुमच्या गाडीचा सेल्फ किती सेकंद मारायचा, किल्लीतला सेल संपला तर ती बटणाजवळ कुठे टेकवायची, हिवाळ्यात कोणतं तेल घालायचं, सगळं त्यात आहे. आणि मीही जे विसरलो असेन तेही.